घटसर्प: जिवाणू घशाला कसा चिकटतो आणि विष कसे पसरते

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या गावात 'घटसर्प' म्हटले की अनेकांना आधी गोठा आठवतो. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचली जाते, तो घटसर्प वेगळा. तो पाश्चुरेला नावाच्या जिवाणूमुळे होतो आणि माणसांच्या घटसर्पाशी त्याचा नावापलीकडे काहीही संबंध नाही. जनावरांना लस दिली म्हणून घरातले मूल सुरक्षित होत नाही. हा लेख माणसांच्या घटसर्पाबद्दल, म्हणजे डिप्थेरियाबद्दल आहे.

जिवाणूची पकड

आपला घसा सतत ओला असतो. लाळ वाहते, चिकट स्राव सरकत राहतो, आपण गिळतो, खोकतो. आलेले बहुतेक जंतू असेच धुऊन जातात. घटसर्पाचा जिवाणू, कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी, मात्र टिकून राहतो. त्याच्या अंगावर प्रथिनांचे अतिशय बारीक केस असतात, त्यांना पिली म्हणतात. शेतातून येताना कपड्यांना कुसळे चिकटतात, साधारण तसाच हा प्रकार. केसाचा दांडा एका प्रथिनाचा असतो. घशातल्या पेशी ओळखून त्यांना धरण्याचे काम त्या केसावरची दोन छोटी प्रथिने करतात. प्रयोगशाळेत ही छोटी प्रथिने नसलेले जिवाणू तयार केले, तेव्हा घशाच्या पेशींना चिकटण्याची त्यांची क्षमता खूपच कमी झाली. या केसांचे दुवे सॉर्टेज नावाचे विकर पक्के जोडते, त्यामुळे ते सहज तुटत नाहीत.

पण चिकटणे म्हणजे आजार नव्हे. हा जिवाणू एखाद्याच्या घशात आठवडेच्या आठवडे राहू शकतो आणि त्या माणसाला काहीही होत नाही. आजार होतो तो विषामुळे. गंमत अशी की विष तयार करण्याचा जनुक मुळात जिवाणूचा नसतोच. जिवाणूला संसर्ग करणारा एक विषाणू तो घेऊन येतो. ज्या जिवाणूत हा विषाणू शिरलेला नाही, तो घशाला चिकटतो, कधी घसा दुखवतो, पण खरा घटसर्प घडवत नाही. आपले शरीर जंतूंपासून लोह लपवून ठेवते. लोहाची ही टंचाई जाणवली की जिवाणूतला विषाचा जनुक चालू होतो.

विषाचे दोन भाग असतात. एक भाग पेशीचे दार धरतो, दुसरा आत जाऊन प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडतो. प्रथिने बनली नाहीत की पेशी मरते. मेलेल्या पेशी, रक्तातले तंतू, पांढऱ्या पेशी आणि जिवाणू मिळून घशात राखाडी, चिवट पडदा तयार होतो. तो खालच्या पेशींत रुतलेला असतो, म्हणून ओढला तर रक्त येते. पडदा वाढत स्वरयंत्रापर्यंत गेला तर श्वास कोंडतो. विष रक्तातून हृदयाकडे आणि मज्जातंतूंकडेही जाते. घसा बरा वाटू लागल्यावर, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पुढे टाळू लुळा पडून आवाज नाकातून येतो, प्यायलेले पाणी नाकातून बाहेर येते.

लस नेमके काय थांबवते

डीपीटी आणि पेंटाव्हॅलंट लशीतला घटसर्पाचा घटक म्हणजे निष्प्रभ केलेले विष. त्यामुळे शरीर विषाविरुद्ध तयार होते, जिवाणूच्या केसांविरुद्ध नाही. म्हणजे लस घेतलेल्या मुलाच्या घशातही जिवाणू चिकटू शकतो. ते मूल धडधाकट राहील, पण त्याच्या खोकल्यातून शेजारच्या, डोस चुकलेल्या मुलाला आजार होऊ शकतो. 'गावात बहुतेकांनी लस घेतली आहे' हा दिलासा म्हणून पुरेसा नाही, तो याच कारणाने.

आपल्या भागात ही गोष्ट ऊसतोडीच्या हंगामात जास्त महत्त्वाची ठरते. दिवाळीच्या आसपास बीड, अहिल्यानगरकडून कुटुंबे येतात, फडाजवळ कोप्या करून राहतात आणि उन्हाळा लागला की परततात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत, वीटभट्ट्यांवर परराज्यातून आलेली कुटुंबे असतात. यांच्या मुलांचे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस कधी मिळतात, कधी नाही. सगळ्यात जास्त चुकतात ते बूस्टर: 16 ते 24 महिन्यांचा आणि पाच-सहा वर्षांचा. पुढे 10 आणि 16 वर्षांचे टीडी तर अनेकांना माहीतही नसते. देशात 2018 साली आठ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. घटसर्पाची लस पुण्यातच, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. अडचण ती फडापर्यंत वेळेवर पोहोचण्याची आहे.

तुम्ही मुकादम असाल, शेतमालक असाल, किंवा स्वतः हंगामाला आलेले पालक असाल, तर एवढे लक्षात ठेवा: सरकारी लसीकरणाला गावचा रहिवासी असण्याची अट नसते. जवळच्या उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे जा. कार्ड हरवले असले तरी जा. मधले डोस चुकले म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सात वर्षांपर्यंत डीपीटी, त्यानंतर टीडी देतात.

कधी धावपळ करायची

ताप फार नसतो, हेच फसवे. घसा दुखतो, मूल मलूल दिसते, गिळताना त्रास होतो. टॉर्च लावून पाहिले तर टॉन्सिलवर किंवा पडजिभेवर राखाडी-पांढरा थर दिसतो. मान दोन्ही बाजूंनी सुजली, आवाज बसला किंवा श्वासाला घरघर लागली तर त्याच क्षणी निघा. पडजीभ पडली म्हणून बोटाने मीठ-हळद लावून दाबायची पद्धत अजून आहे. इथे ती धोक्याची आहे. पडदा खरवडू नका.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही लागतात. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन चिकटलेले जिवाणू मारते, पण सुटलेल्या विषाला काही करत नाही. विषासाठी प्रतिविष लागते. ते घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे ॲलर्जीवर लक्ष ठेवत रुग्णालयातच द्यावे लागते. ते फक्त रक्तात फिरणारे विष पकडते. पेशीत शिरलेल्या विषावर त्याचा उपयोग नाही. म्हणून डॉक्टर स्वॅब आधी घेतात, पण रिपोर्टची वाट न पाहता प्रतिविष देतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ते नसते. शिरूरहून नगर रस्त्याने किंवा दौंडहून सोलापूर रस्त्याने पुणे गाठायला दोन तास सहज जातात, तेव्हा निघण्याआधी तिथल्या रुग्णालयाला फोन करायला तुमच्या डॉक्टरांना सांगा. उपचार मिळूनही शंभरातले पाच ते दहा रुग्ण दगावतात, आणि उशीर झाला तर जास्त.

या जिवाणूची भावंडे

स्वॅबच्या रिपोर्टमध्ये 'डिप्थेरॉइड्स' लिहिलेले पाहून घाबरू नका. ही त्याच कुळातली, त्वचेवर आणि घशात एरवीही राहणारी मंडळी आहेत. मात्र यातले काही प्लास्टिकलाही चिकटतात. शिरेतली नळी, लघवीची नळी, कृत्रिम झडप यांवर ते चिकट थर करून बसतात आणि त्या थरात प्रतिजैविक नीट पोहोचत नाही. अशा वेळी अनेकदा नळीच काढावी लागते. दुसरे भावंड कोरिनेबॅक्टेरियम अल्सेरन्स. ते गाईंत, कुत्र्या-मांजरांत आढळते आणि तेच विष तयार करू शकते. कच्चे दूध उकळूनच प्या. कोयत्याची, पाचटाची जखम आठवडे बरी होत नसेल आणि तिच्यावर राखाडी थर असेल, तर तीही दाखवा. घटसर्प त्वचेलाही होतो आणि अशा जखमेतून तो इतरांना लागतो.

घरात रुग्ण निघाला तर एकत्र राहणाऱ्या सगळ्यांचे, कोपीतल्या शेजाऱ्यांचेही, घशाचे स्वॅब घेतले जातात. त्यांना प्रतिजैविकाचा कोर्स आणि गरजेप्रमाणे लशीचा डोस मिळतो. काही त्रास नसला तरी तो कोर्स पूर्ण करा. रुग्ण बरा झाल्यावर त्यालाही लस द्यावी लागते, कारण हा आजार होऊन गेल्याने कायमची प्रतिकारशक्ती येईलच असे नाही.