एक घराणे, अनेक बोली



पुण्याच्या सी-डॅकचे नाव आपण ऐकले असेलच. हवा तो महासंगणक द्यायला अमेरिका राजी नव्हती, म्हणून १९८८ मध्ये ही संस्था निघाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. हा अभिमानाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पुढची गंमत मात्र फारसे कुणी सांगत नाही.

१९९८ चा ‘परम १००००’ सोलॅरिस प्रणालीवर चाले, त्यानंतरचा ‘परम पद्म’ एआयएक्सवर, तर २००८ चा ‘परम युवा’ लिनक्सवर. तिन्ही प्रणाली युनिक्सच्याच घराण्यातल्या. पण घराणे एक म्हणून बोली एक असते काय? कोल्हापूरची मराठी पुण्याच्या पेठेत बोलून पाहा!

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स जन्मले. त्याची मूळ संहिता विद्यापीठांना मिळाली आणि प्रत्येकाने तीत आपली भर घातली. पुढे कंपन्यांनीही तेच केले. वापरणाऱ्याच्या आज्ञा ऐकणारा जो ‘शेल’, तोही मग वेगवेगळा झाला. १९७९ मध्ये बॉर्न यांचा शेल आला, बर्कलीत बिल जॉय यांचा निराळाच होता. अशा आज्ञा ओळीने लिहून ठेवलेली फाइल म्हणजे शेल स्क्रिप्ट.

आता अडचण पाहा. मजकूर छापणाऱ्या ‘एको’ या आज्ञेपुढे ‘उणे एन’ लिहिले, तर लिनक्सच्या बॅश शेलमध्ये मजकुरानंतर नवी ओळ पडत नाही. सोलॅरिसच्या जुन्या शेलमध्ये ते ‘उणे एन’च मजकुरासोबत छापून येई! चूक कुणाचीच नाही, बोली वेगळी.

यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये ‘पॉझिक्स’ हे प्रमाण ठरले. हे नाव रिचर्ड स्टॉलमन यांनी सुचवलेले. १९९२ मध्ये त्यात शेलचाही समावेश झाला. आपल्या प्रमाण मराठीसारखेच हे! घरी काहीही बोला, अर्ज लिहिताना सर्वांना कळेल असे लिहा. ‘एको’च्या जागी ‘प्रिंटएफ’ वापरावे, ते सगळीकडे सारखे चालते.

तरीही लोक सवयीने बॅशची बोली लिहीत आणि पहिल्या ओळीत नाव मात्र साध्या ‘एसएच’चे देत. २००६ मध्ये उबंटूने ‘एसएच’च्या जागी लहान, चपळ ‘डॅश’ बसवला, तेव्हा अशा कितीतरी स्क्रिप्ट बंद पडल्या.

आपल्यापैकी कुणी हे काम शिकत असेल, तर त्याने किंवा तिने आपली स्क्रिप्ट एकदा डॅशखाली चालवून पाहावी. कोणत्या ओळीवर गाडी अडते, ते तिथल्या तिथे कळते.