मॅरेथॉन दे साब्ल

मोरोक्कोच्या दक्षिण भागातील सहारा वाळवंटात भरणारी, अनेक टप्प्यांची धावशर्यत. एकूण अंतर सुमारे २५० किमी. फ्रान्सचे पात्रीक बाउअर यांनी १९८४ मध्ये सहारात सुमारे ३५० किमी. अंतर एकट्याने पायी पार केले. त्या अनुभवातून १९८६ मध्ये ही शर्यत सुरू झाली.

अन्न, झोपण्याची पिशवी व इतर साहित्य स्पर्धक पाठीवर वाहतो. पाणी व तंबू आयोजक पुरवितात. सर्वांत लांब टप्पा सुमारे ८० किमी.चा असून अनेकांना तो रात्रीही चालू ठेवावा लागतो. खाडीकाठच्या दमट हवेत घाम अंगावर राहतो; वाळवंटात मात्र तो लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातील पाण्याची घट लक्षात येत नाही. १९९४ च्या शर्यतीत वाळूच्या वादळात वाट चुकलेले इटलीचे माउरो प्रॉस्पेरी अनेक दिवसांनी अल्जीरियात जिवंत सापडले. मोरोक्कोच्या लाहसेन अहानसाल यांनी ही शर्यत १० वेळा जिंकली.

एका तंबूत राहणारे सोबती फोडांवर पट्ट्या बांधतात, खचलेल्याला धीर देतात; हा सहवास शर्यतीचे मोठे बळ आहे. महाराष्ट्रात सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरवाटांवरील दीर्घ शर्यत भरते.