पालखीचा गोंडा: काशीबाई कानिटकरांचे स्त्रीराज्य

१/ मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट चढते. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि गायी, घोडे, कार्षापणांच्या दानांची नोंद आहे. पती सातकर्णीच्या निधनानंतर अल्पवयीन पुत्राच्या वतीने तिने राज्य सांभाळले, असे अनेक अभ्यासक मानतात. स्त्रीच्या हाती सत्ता आली, ती पुरुषाच्या रिकाम्या जागेतून.

२/ सुमारे दोन हजार वर्षांनी एका मराठी लेखिकेने आपल्या कादंबरीतील नायिकेला याच मार्गाने सत्तेपर्यंत नेले. त्या लेखिका म्हणजे काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८).

३/ आजच्या सांगली जिल्ह्यातील आष्टे येथे एका सधन घराण्यात त्यांचा जन्म झाला. घरी संपत्ती होती, परंतु मुलीसाठी शाळा नव्हती. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. पतीला सुशिक्षित पत्नी हवी होती. सासरच्या वडीलधाऱ्यांना मात्र सुनेचे वाचन रुचत नसे. अशा घरात काशीबाई लपतछपत अक्षरे शिकल्या.

४/ पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. ‘रंगराव’ ही कादंबरी १९०३ मध्ये ग्रंथरूपाने आली. ‘पालखीचा गोंडा’ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली.

५/ पालखीचा गोंडा ही वैभवाची खूण. तो झुलतो, शोभतो, पण पालखीची दिशा ठरवीत नाही. कादंबरीतील रेवती एका संस्थानिकाच्या घरी दिली जाते. वर मंदबुद्धीचा निघतो. फसवणुकीचे दुःख कवटाळून न बसता ती कारभार हाती घेते, स्त्रियांना शिक्षण देते आणि राज्ययंत्रणेत त्यांना स्थान देते.

६/ हे सारे संस्थानातच का घडावे? ब्रिटिश मुलखात तेव्हा सर्वोच्च अधिकार कोणत्याही भारतीयाकडे नव्हता, मग स्त्रीकडे कुठून असणार? संस्थानात मात्र ते शक्य होते. १८१९ ते १९२६ या कालखंडात भोपाळचा कारभार बहुतांश काळ चार बेगमांच्या हाती होता. म्हणजे काशीबाईंच्या कल्पनेखाली वास्तवाची जमीन होती.

७/ बंगालमधील जमीनदार घराण्यात जन्मलेल्या रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाचे स्वप्न’ या इंग्रजी कथेत स्त्रियांचे राज्य रंगवले. तेथेही पुरुषांचे सैन्य युद्धात निष्प्रभ ठरल्यावरच स्त्रिया पुढे येतात.

८/ येथेच या स्त्रीराज्यांची मर्यादा दिसते. रेवतीचा पती सक्षम असता, तर तिची बुद्धी तेवढीच असूनही ती गोंडाच राहिली असती. तिची योग्यता तिची स्वतःची होती. संधी मात्र दुसऱ्याच्या उणिवेतून आली.

९/ मुंबई इलाख्यात स्त्रियांना १९२१ मध्ये मताधिकार मिळाला, पण मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्यांनाच. प्रत्येक प्रौढ स्त्रीला तो १९५० मध्ये राज्यघटनेने दिला. कोणाच्या वैधव्यावर, कोणाच्या बाल्यावर वा दौर्बल्यावर तो अवलंबून नव्हता. काशीबाई त्याआधी दोन वर्षे निवर्तल्या होत्या.