सोडणं सोपं, उचलणं अवघड

दिल्लीच्या पोस्टिंगमध्ये संध्याकाळी पाय मोकळे करायला कोपर्निकस मार्ग बरा पडतो. मंडी हाउसच्या चौकातून निघालं की वाटेत जुनं महाराष्ट्र सदन लागतं, आणि रस्ता थेट इंडिया गेटच्या गोलाला जाऊन मिळतो. परवा बरोबर साताऱ्याकडचा एक तरुण जवान होता. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या त्याग चक्रात सोनेरी अक्षरांतली नावं वाचत फिरताना मी त्याला जाफन्याची हकीकत सांगत होतो. मध्येच त्यानं विचारलं, "साहेब, हेलिकॉप्टरनं सोडलं होतं ना त्यांना? मग हेलिकॉप्टरनंच परत का नाही आणलं?"

ही हकीकत ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्रीची, ऑपरेशन पवनमधली. एलटीटीईचे म्होरके जाफना विद्यापीठाच्या परिसरात आहेत, अशी खबर होती. पलाली विमानतळावरून एमआय-८ हेलिकॉप्टरं निघाली आणि १० पॅरा कमांडो व १३ शीख लाइट इन्फंट्रीच्या जवानांना विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर उतरवू लागली. वायरलेसवरची बोलणी ऐकून एलटीटीईवाले आधीच दबा धरून बसले होते. शंभरएक कमांडो उतरले, पण शीख पलटणीचे फक्त ३० जण उतरू शकले. हेलिकॉप्टरांची गोळ्यांनी चाळण होऊ लागली आणि पुढच्या खेपा थांबवाव्या लागल्या. मेजर बीरेंद्र सिंग यांच्या त्या तीस जणांपैकी २९ जण धारातीर्थी पडले, एक पकडला गेला. कमांडो आसपासच्या घरांत शिरून लढत राहिले. त्यांना अखेर बाहेर काढलं ते रणगाड्यांनी. रस्त्यांवर सुरुंग पेरलेले, म्हणून मेजर अनिल कौल यांनी रणगाडे चक्क रेल्वेच्या रुळांवरून नेले.

त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. सोडताना शत्रू बेसावध असण्याची थोडी तरी आशा असते. उचलायला याल तेव्हा त्याला जागा, दिशा, सगळं ठाऊक असतं. त्यात भरलेलं हेलिकॉप्टर जमिनीवर टेकलेलं असतं तेव्हा ते कोंबडीच्या खुराड्याइतकंच सुरक्षित. खालची जमीन आपल्या ताब्यात नसेल, तर वरून येणारा पायलट कितीही निधड्या छातीचा असो, त्याचे हात बांधलेले असतात. माझ्या मते त्या रात्री धैर्य कुठंच कमी पडलं नाही. परतीचा हिशेब मात्र जाण्याआधी पुरता झाला नव्हता. (याच ऑपरेशनमध्ये पुढं २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आलं. जन्म मुंबईचा. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांचा पुतळा इथंच परम योद्धा स्थळावर आहे.)

तेरा वर्षांनी आफ्रिकेत हा हिशेब नीट जुळला. सिएरा लिओनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेलेल्या आपल्या दोन कंपन्या मे २००० मध्ये कैलाहून गावात बंडखोरांच्या वेढ्यात सापडल्या. वेढा पंचाहत्तर दिवस चालला. मेजर राजपाल पुनिया तिथं कमांडर होते. शस्त्रं खाली ठेवली नाहीत. वाटाघाटी थकल्यावर १५ जुलैला ऑपरेशन खुखरी सुरू झालं.

पहाटे ब्रिटिश हवाई दलाची दोन चिनूक कैलाहूनला उतरली. त्यांनी २ पॅराचे जवान उतरवले, आणि परत जाताना निःशस्त्र लष्करी निरीक्षक आणि काही जवान उचलून नेले. बस्स, एवढंच. बाकीच्यांनी आपल्या गाड्या घेऊन बंदुकीच्या जोरावर वाट काढायची होती. त्यात पावसानं गाठलं, आणि एमआय-३५ लढाऊ हेलिकॉप्टरं काही वेळ येऊच शकली नाहीत. आभाळ उघडल्यावर ती डोक्यावर आली आणि पुढच्या रस्त्यावर दबा धरणाऱ्यांना झोडपत राहिली. इकडून कुमक पेंडेम्बूपर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी एमआय-८ नी कैलाहूनच्या जवानांना पेंडेम्बूतून उचललं. वेढ्याच्या पोटातून नव्हे, आपल्या पायदळानं राखलेल्या जागेवरून. हाच तो फरक. आपला एक हवालदार त्या मोहिमेत गेला, काही जखमी झाले, बाकी सगळे परतले.

चिनूकमधून उतरलेली ती २ पॅरा म्हणजे मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण, आणि त्याहीआधीची ११० वी मराठा. निवृत्त मराठा मंडळींना हे ठाऊक असेल, पण पोराला नव्हतं. परतताना इंडिया गेटच्या कमानीवर कोरलेलं 'मेसोपोटेमिया' मी त्याला दाखवलं. पहिल्या महायुद्धात पूना डिव्हिजनबरोबर हीच ११० वी तिथल्या कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात १४७ दिवस अडकली होती. तेव्हाही मदतीला विमानंच आली. एप्रिल १९१६ मध्ये त्यांनी वरून पिठाच्या गोण्या टाकल्या, धान्य दळायला जात्याचे दगडसुद्धा टाकले. जगात विमानानं रसद पुरवण्याचा तो पहिलाच मोठा प्रयत्न. पण त्या विमानांत एका खेपेला जेमतेम एक-दोन गोण्या मावत, आणि काही तर तैग्रिस नदीत पडल्या. माणूस उचलून आणायची तर बातच नव्हती. २९ एप्रिलला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली, आणि त्यांतले कित्येक कैदेत मेले.

पोरगं बराच वेळ गप्प होतं. मंडी हाउसजवळ आल्यावर म्हणालं, "म्हणजे साहेब, त्याच पलटणीनं ८४ वर्षांनी दुसऱ्यांचा वेढा फोडला."

मी म्हटलं, "फोडायला मदत केली. वाट कैलाहूनवाल्यांनी स्वतःच काढली." मग आम्ही चहाला थांबलो.