सोन्याची यादी, चांदीची यादी : पनामा कालव्याच्या कारभाराचा इतिहास

शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकात पनामाचा कालवा ही दोन महासागरांना जोडणारी एक रेघ असते. लांबी सुमारे ८० किलोमीटर, उद्घाटन १५ ऑगस्ट १९१४. या रेघेच्या काठावर माणसांच्या दोन रांगा उभ्या होत्या, हे पुस्तक सांगत नाही. ज्यांना रांग म्हणजे काय आणि रांगेबाहेर उभे राहणे म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्यांनी हा इतिहास मुळातून पाहिला पाहिजे.

फ्रेंच कंपनीने १८८१ साली खोदकाम सुरू केले आणि १८८९ साली तिचे दिवाळे निघाले. तोवर हजारो मजूर हिवताप आणि पीतज्वराने मेले होते. १९०४ साली अमेरिकेने काम हाती घेतले. कालव्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा अमेरिकेच्या ताब्यात गेला. कालवा विभाग असे त्याचे नाव. तिथे जमीन सरकारची, घरे सरकारची, दुकान सरकारचे, दवाखाना, शाळा आणि पोलीसही सरकारचेच. माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत एकाच खात्याच्या हातात होता.

या खात्याने पगाराच्या दोन याद्या केल्या. एका यादीला अमेरिकन सोन्याच्या चलनात पगार मिळे, दुसरीला पनामाच्या चांदीच्या नाण्यांत. सुरुवातीला हा फरक कुशल आणि अकुशल कामाचा आहे असे सांगितले गेले. लवकरच त्याचा खरा अर्थ उघडा पडला. सोन्याची यादी गोऱ्या अमेरिकनांची, चांदीची यादी मुख्यतः बार्बाडोस, जमैका आणि इतर बेटांवरून आलेल्या काळ्या मजुरांची. मग पगाराच्या खिडकीवरची पाटी सगळीकडे पसरली. टपाल कचेरी, किराण्याचे दुकान, संडास, पिण्याच्या पाण्याचा नळ, सगळ्यांवर सोने आणि चांदी. भाषेत कुठेही 'काळा' किंवा 'गोरा' हा शब्द नव्हता. पाटी वाचणाऱ्याला तो कळत होता.

चांदीच्या यादीतही पायऱ्या होत्या. स्पेनहून आणलेल्या मजुराला तासाला २० सेंट, बार्बाडोसच्या मजुराला १० सेंट. दोघेही चिखलातच उभे होते, तरी एकाला दुसऱ्यापेक्षा आपण वरचे आहोत असे वाटावे अशी ही सोय होती. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे काम जगात कुठेही असेच चालते. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले. त्याच वर्षी कालव्याच्या खोदलेल्या खिंडीत पाणी सोडले गेले. अमेरिकेच्या नळावरची ती पाटी त्यानंतरही कित्येक वर्षे तशीच होती. १९२७ साली महाडला आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायला गेली, तेव्हा पनामातही पाणी वाटलेले होते.

अमेरिकन काळातील दप्तरी मृत्यू ५,६०९. त्यांतले सुमारे साडेचार हजार काळे मजूर. सुरुंगाने, दरडीने, रेल्वेखाली आणि न्यूमोनियाने मेलेले. डासांवर विजय मिळवल्याचे कौतुक आपण वाचतो. तो विजय आधी गोऱ्यांच्या जाळी लावलेल्या घरांत पोचला होता.

मजूर गप्प बसले होते असे मात्र नाही. १९२० च्या फेब्रुवारीत चांदीच्या यादीतल्या हजारो कामगारांनी संप केला. त्यांचा एक पुढारी विल्यम स्टाउट हा बार्बाडोसचा शिक्षक होता. खात्याने संपकऱ्यांना कामावरून काढले आणि खात्याच्या घरांतून बाहेर घातले. मालक आणि घरमालक एकच असला की संप थोड्याच दिवसांत मोडतो. तसा तो मोडला.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर सोने-चांदी ही नावे गेली. 'अमेरिकन दर' आणि 'स्थानिक दर' ही नवी नावे आली. नाव बदलले की पाप फिटले असे मानणारे सरकार तिथेही होते. पनामाच्या राज्यकर्त्यांचे हातही स्वच्छ नव्हते. १९४१ च्या संविधानाने, ज्यांची मातृभाषा स्पॅनिश नाही अशा काळ्या स्थलांतरितांच्या पनामात जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्व काढून घेतले. १९४६ च्या संविधानाने ती चूक सुधारली. ज्यांच्या बापांनी कालवा खणला, ती मुले पाच वर्षे कोणत्याच देशाची नव्हती.

९ जानेवारी १९६४ रोजी आपल्या देशाचा झेंडा कालवा विभागात लावायला विद्यार्थी गेले. त्यातून उसळलेल्या दंगलीत वीसहून अधिक पनामी माणसे मेली. तो दिवस तिथे हुतात्मा दिन म्हणून पाळतात. १९७७ साली तोरिखोस आणि कार्टर यांनी करार केला, १९७९ साली कालवा विभाग संपला आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी दुपारी बारा वाजता कालवा पनामाच्या हाती आला.

आता कारभार पनामा कालवा प्राधिकरणाकडे आहे. हे सरकारी असले तरी साधे खाते नाही. संविधानातच त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि कालवा विकता येणार नाही असे तिथे लिहिले आहे. संचालक मंडळ ११ जणांचे, त्यांची मुदत एकदम संपत नाही, म्हणजे एका निवडणुकीने सगळे मंडळ बदलत नाही. संसद त्याचा अर्थसंकल्प मंजूर करू शकते किंवा फेटाळू शकते, त्यात फेरफार करू शकत नाही. कारभार चोख आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात सरकारी तिजोरीत २४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. रंगावरून याद्या नाहीत. हे छोटे यश नाही, ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पण त्याच संविधानात कालव्याचे काम कोणत्याही कारणाने थांबता कामा नये असेही कलम आहे. म्हणजे १९२० च्या संपकऱ्यांच्या नातवंडांना संपाचा हक्क नाही. वाद लवादाकडे न्यायचा.

आणि आता पुन्हा प्रश्न पाण्याचा आहे. जहाज समुद्रातून २६ मीटर वर गातून तलावात चढवायला गोडे पाणी लागते. एका जहाजामागे सुमारे २० कोटी लिटर पाणी समुद्रात जाते. याच पाणलोटावर देशातल्या निम्म्या लोकांची तहान भागते. २०२३ च्या दुष्काळात रोज ३६ ऐवजी २४ आणि काही दिवस २२ जहाजे सोडावी लागली. रांग चुकवण्यासाठी एका जहाजाने लिलावात जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. त्यावर उपाय म्हणून रिओ इंदिओ नदीवर धरण बांधायचे ठरले आहे. त्यासाठी सुमारे दोन हजार माणसे उठवावी लागतील. २००६ साली, कालवा रुंदावण्याच्या सार्वमताच्या वर्षी, या भागातील शेतकऱ्यांच्या विरोधापुढे नमून कायदा त्यांच्या बाजूने झाला होता. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली रद्द केला. २०२५ साली शेतकरी होड्या घेऊन नदीत उतरले.

मुळशी ज्यांना आठवते त्यांना यात नवे काही वाटणार नाही. धरणाचा मालक परका होता की आपला, हे बुडणाऱ्या घराला सारखेच असते. मग राष्ट्रीयीकरण फोल ठरते का? नाही. परक्याच्या हातातला कालवा परत घेणे ही पहिली पायरी आहे आणि ती रक्त सांडून मिळाली आहे. दुसरी पायरी ही, की अकरा खुर्च्यांच्या त्या मंडळात नदीकाठच्या शेतकऱ्याला आणि चांदीच्या यादीवाल्याच्या नातवाला जागा आहे का, हे विचारणे.

सार्वजनिक मालकी म्हटली की आपल्याकडेही पुष्कळांचे समाधान होते. मालकीच्या कागदावर 'जनता' असा शब्द लिहिलेला असतो. त्या जनतेत आपण मोजले गेलो आहोत का आणि पाणी वाटताना आपण कोणत्या यादीत आहोत, हे दर पिढीला नव्याने तपासून घ्यावे लागते. पनामाचा इतिहास वाचायचा तो यासाठी.