कॅडासिल आणि शब्दस्मृती

डब्लिन (ओहायो) : कॅडासिल हा मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दुर्मीळ आनुवंशिक विकार होय. एकोणिसाव्या गुणसूत्रावरील ‘नॉच-३’ जनुकातील दोष हे त्याचे कारण असल्याचे फ्रेंच संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. माता किंवा पिता बाधित असल्यास प्रत्येक अपत्यात हा दोष उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. आरंभी अर्धशिशी, चाळिशी-पन्नाशीच्या सुमारास पक्षाघात आणि पुढे स्मृतिभ्रंश, असा त्याचा सामान्य क्रम आहे.

यातील विस्मरण अल्झायमरपेक्षा निराळे असते. ‘रे’ शब्द-अध्ययन चाचणीत १५ शब्दांची यादी पाच वेळा ऐकवतात, सुमारे अर्ध्या तासाने ते शब्द पुन्हा विचारतात आणि शेवटी ऐकलेले शब्द ओळखण्यास सांगतात. अल्झायमरच्या रुग्णात शब्द मुळी रुजतच नाहीत. त्यामुळे ओळखण्यातही चूक होते. कॅडासिलचा रुग्ण सावकाश शिकतो, आपणहून थोडेच शब्द सांगतो. मात्र सूचक शब्द मिळताच त्याला सहसा बरेच आठवते. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या श्वेतद्रव्याची हानी झाल्याने साठवलेले शोधून काढणे अवघड होते. आजार बळावल्यावर हा फरक पुसट होतो.

कोलंबसलगतच्या डब्लिनमध्ये मुलांकडे राहणाऱ्या मराठी आईवडिलांची अशी चाचणी इंग्रजीत झाली, तर भाषेची अडचण स्मृतिदोष भासू शकते. संघीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी दुभाषा विनामूल्य पुरवणे बंधनकारक आहे. तरीही भाषांतरित यादीतील शब्दांची लांबी व परिचितता बदलते. म्हणून गुणांचा अर्थ जपूनच लावावा लागतो.

निदानात कुटुंबवृत्त मोलाचे ठरते. आजोबांचा ‘लकवा’, आत्याची अर्धशिशी, काकांचे ‘म्हातारपण’ या घरात सुट्या सुट्या सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी डॉक्टरांपुढे एकत्र मांडाव्यात. जनुकीय चाचणीपूर्वी समुपदेशन घ्यावे. अमेरिकेतील २००८ चा कायदा आरोग्यविमा व नोकरीतील जनुकीय भेदभावास मनाई करतो. आयुर्विमा आणि दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

या विकारावर रोगनिवारक उपचार अद्याप नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवणे व धूम्रपान सोडणे हिताचे. घरच्यांनी ‘आठवत नाही का?’ असे विचारण्याऐवजी नावाचे पहिले अक्षर सुचवावे. पुष्कळदा उरलेले नाव रुग्णच पूर्ण करतो.