नळाच्या पोटांतला गंज

अमेरिकेंतील न्यू मेक्सिको संस्थानांत, कार्ल्सबाड गांवाजवळ पेकॉस नदीच्या कांठीं, १९ ऑगस्ट २००० च्या पहांटे एका गोतावळ्यांतलीं १२ माणसें मुलाबाळांसह मुक्कामास होतीं. ५ वाजून २६ मिनिटांनीं जवळचा नैसर्गिक वायूचा ३० इंची नळ फुटला, वायूनें पेट घेतला, आणि ती आग सुमारें ५५ मिनिटें धगधगत राहिली. बारांपैकीं एकहि वांचलें नाहीं.

पुरलेल्या लोखंडास गंज चढतो हें ज्ञान कांहीं नवें नव्हे. सर हम्फ्री डेव्ही यानें १८२४ सालींच ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यास जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून, तुकडा झिजावा आणि तांबें वांचावें, अशी योजना केली होती. (तांबें वांचलें खरें, पण त्यावर शेवाळ व शिंपले यथेच्छ वाढून जहाजें मंदावलीं, हा भाग वेगळा!) पुढें १९२८ सालीं न्यू ऑर्लिन्स येथें रॉबर्ट कून ह्या इंजिनियरानें विजेचा प्रवाह देऊन हेंच तत्त्व वायूच्या नळांस लाविलें. मोरचुदाच्या द्रावणांत बुडविलेल्या तांब्याच्या कांडीशीं ताडून पाहतां नळाचा विद्युद्दाब ऋण ०.८५ व्होल्ट भरला, म्हणजे गंजास आळा बसतो, असें त्यास आढळलें. मग माती न उकरतां, हातीं मापक घेऊन वरून चालणाऱ्या माणसास खालच्या नळाची प्रकृति कळूं लागली.

परंतु ही नाडीपरीक्षा बाहेरल्या अंगापुरतीच. वायूबरोबर थोडें पाणी व कार्बन डाय ऑक्साइड वाहत येतो. नळ जेथें खोलगट होतो तेथें तें पाणी सांचतें, त्यांत जंतूहि वाढतात, आणि बाहेरच्या विजेचें संरक्षण तेथवर पोंचत नाहीं. १९५० सालीं घातलेला कार्ल्सबाडचा नळ असाच आंतून पोखरला गेला होता. नळाच्या पोटांतून फिरून मळ काढणारीं यंत्रें पूर्वींपासून होतीं. इंजिनियर त्यांस 'पिग', म्हणजे चक्क डुक्कर, म्हणतात. चुंबकाच्या साह्यानें पोलादाची झीज टिपणारीं यंत्रेंहि १९६० च्या दशकापासून निघालीं होतीं. पण फुटलेल्या भागाची बांधणीच अशी होती कीं, त्यांतून तीं जाऊं शकत नव्हतीं. साधन असून त्यास वाट नसावी, आणि ती वाट ५० वर्षें कोणी करूं नये, हें मनास फार खटकतें.

डिसेंबर २००२ मध्यें झालेल्या अमेरिकन कायद्यानें, दाट वस्तीसारख्या धोक्याच्या ठिकाणांवरून जाणाऱ्या अशा नळांची पहिली तपासणी दहा वर्षांच्या आंत व पुढें दर सात वर्षांनीं बंधनकारक ठरविली. ज्यांतून यंत्र जात नाहीं अशा नळांत पाणी कोठें सांचेल हें चढउतारावरून गणितानें काढावें आणि नेमकें तेथेंच खणून पाहावें, अशीहि एक रीत मान्य झाली.